बाकी पंधरा

पतसंस्थेची डायरी दर जानेवारीला फुकट मिळते.
पहिल्या सहा पानांवर संचालक मंडळ,
फेटे बांधलेलं, एकजात गंभीर.
सातव्या पानापासून मी.

गिरणीचा पट्टा उतरवला, मीटरचा आकडा बघितला,
की फळीवरनं ती खाली काढायची.
पेनाला पिठाचा हात लागतो, शाई अडते.
तळव्यावर दोनदा घासलं
की चालतं.

गल्लीत बोलताना मी ‘आलो, गेलो’ म्हणते,
आमच्या कोल्हापूरच्या बायका म्हणतात तशी.
डायरीत मात्र ‘आले, गेले’.
मराठीच्या बाई अजून मागं उभ्या असतात.

मोठं काही लिहीत नाही.
लिहायला बसलं की मोठं कुठं जातं कुणास ठाऊक.
‘वीज अकरा ते दोन नव्हती.
निगवेकर वहिनींचा शाळू जाड निघाला, परत दळून दिला.
रंकाळ्याकडनं वास.’
लेक झाली त्या दिवसाचं पान:
‘मुलगी. सहा दहा. रिक्षा चाळीस रुपये.’
तेही चार दिवसांनी लिहिलेलं, आठवून,
चाळीस जास्त झाले ही टोचणी घेऊन.

नवरा म्हणतो, हे लिहिणं कसलं, दुधाचं खातं हे.
असू दे, म्हटलं,
दुधाचं खातं कुणी खोटं लिहितं का?
गवळी लिहितो की, म्हणाला.
त्या रात्री तेही लिहिलं.

परवा फळीमागं उंदीर शिरला
म्हणून सगळ्या डायऱ्या खाली काढल्या.
तेरा सालची उघडली ती सप्टेंबरात.
‘आबा गेले. पहाटे.’
खाली अख्खं पान कोरं,
जेवायला कुणीच न आलेल्या पंगतीसारख्या
निळ्या रेघा.
आदल्या पानावर:
‘आबांची चप्पल व्हटकरांकडं टाकली. डावी टाच.
बुधवारी या म्हणाले.’

बुधवारचंही पान आहे.
‘पाहुणे एकोणीस. चहापूड संपली.’

अकरा वर्षं ती चप्पल कुणाच्या ध्यानात नव्हती.
माझ्याही नाही, आणि लिहिणारी मीच.
लिहून टाकलं की विसरायला मोकळं होतं माणूस,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुभाषनगरात गेले.
म्हातारे व्हटकर नाहीत आता, मुलगा बसतो.
हसेल वाटलं होतं. हसला नाही.
हात पुसून त्यानं लाल कापडाची लांब वही काढली,
चामड्याच्या वादीनं बांधलेली.
बापाचं अक्षर, उतारावरून घसरल्यासारखं:
‘१ जोड. टाच. गिरणीवाले आबा.
ठरले ३५, जमा २०, बाकी १५.’
पुढं निराळ्या शाईत:
‘माणूस आला नाही.’

त्या कोऱ्या पानावर मला जे सुचलं नव्हतं
ते इथं ठोकणीच्या आवाजात
तीन शब्दांत पडून होतं.

जोड नाही हो, तो म्हणाला.
माळ्यावर होती पुष्कळ वर्षं.
मग बापूच घालायला लागले, बसली पायाला.
कर्रकर्र वाजायची, लांबनं कळायचं.
विचारलं की म्हणायचे,
दुसऱ्याची हाय, परत द्यायची हाय.

पंधरा रुपये पुढं केले.
नको नको म्हणाला, मग घेतले,
‘जमा १५’ लिहून खाली रेघ मारली,
आणि रेघ नीट आली नाही म्हणून परत एकदा मारली.

रात्री पट्टा उतरवला.
पेन तीनदा घासावं लागलं.
‘व्हटकरांना पंधरा दिले.
आबांची चप्पल पुष्कळ चालली.
वीज दिवसभर होती.’