रेड ऑक्साईड

दीड फूट आतडं काढलं, म्हणाले.
मी विचारलं, काढलेलं कुठं ठेवलंय?
सिस्टर मास्कमागं हसली.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा होतो मी,
कापलेल्या मालाचा कीससुद्धा तोलून द्यायचो मालकाला.
सवय, दुसरं काय.

राजारामपुरी, अकरावी गल्ली, दुसरा मजला.
खाली गाड्यावर कोणीतरी सारखं आलं ठेचतंय
आणि वर मी चार दिवस
चमचा चमचा पाणी मोजून पितोय.

राउंडला रोज एकच प्रश्न :
वारा सरला का?
मोठे डॉक्टर विचारतात, धाकटे विचारतात,
फरशी पुसताना सुशाबाई विचारतात,
मुरगूडहून व्याह्यांनी फोन करून विचारलं.
उभा जन्म चारचौघांत जे दाबून धरलं
त्याची आता सगळं गणगोत वाट बघतंय.

पोटावर गार स्टेथोस्कोप.
आत सोमवारच्या कारखान्यासारखं सामसूम.
पट्टा उतरवलेला. मोटर थंड.

आहाराच्या मुजावर मॅडम आल्या, वयानं माझ्या नातीएवढ्या.
"काका, ऑपरेशनात आतड्याचं रक्त थोडं तुटतं, मग परत येतं,
आणि येताना अस्तराला गंज चढवतं, असं समजा.
ही कॅप्सूल गंज धरू देत नाही."
केशरी. आत क, ई, जस्त, आणखी कायबाय.

गंज म्हटल्यावर मी उठून बसलो. टाके ओढले.
गंजाचं मला नको सांगूस, पोरी.
पावसाळ्यात एका रात्रीत लेथला लाली यायची,
ग्रीस फासायचं राहिलं की सकाळी तळहात विटकरी.
फाटकाला रंगाआधी रेड ऑक्साईड मारायचो आम्ही.
आणि रेड ऑक्साईड म्हणजे तरी काय?
गंजच की,
डब्यात भरलेला.

ती गप्प झाली. मग वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शेजारच्या खाटेवर पारिसा मगदूम, नांदणीचे.
त्यांनी कॅप्सूल उजेडात धरली.
"हे वरचं टरफल कशाचं?"
सिस्टरनं खोकं वाचलं. जिलेटिन.
"म्हंजे हाडाचंच नव्हं?"
खाली ठेवली.
मग वहिनींनी नखानं ती उकलली,
कोमट पाण्यात भुकटी कालवली,
आणि दिवस मावळायच्या आत ते एक चमचा पाणी
घाईघाईनं त्यांना पाजलं.

धाकट्या डॉक्टरला मी रात्री गाठलं.
खरं सांगा, ह्यानं काय होतं का?
तो स्टुलावर टेकला. राउंडला कधी टेकत नाही.
"काहींना फरक पडलेला दिसतो, काहींना नाही.
फार दिली तर उलटंही जातं म्हणतात.
चाला, काका. माणूस चालला की आतडं चालतं."
चाळीस वर्षांत मालकानं
एवढा उघडा हिशेब कधी दाखवला नव्हता.

म्हणून चाललो. सलाईनचं स्टँड हातात,
त्याचं एक चाक इतकं किरकिरायचं
की वहिनींकडून केसांचं तेल मागून दोन थेंब सोडले.
तीन वाजले असतील. जिन्यापाशी तिसरी फेरी,
आणि आत कुठंतरी पट्टा चढला.
आधी गुरगुर. मग
आता सांगायला लाज कसली,
सुशाबाई बादली खाली ठेवून म्हणाल्या,
"वाजला बघा भोंगा!"

कशानं झालं?
केशरी भुकटीनं, चालण्यानं, का नुसती वेळ भरली होती म्हणून?
मला नाही ठाऊक. मॅडमच्या वहीत असेल एखादी रेघ.

अंधारातून आवाज आला, "कुणाचं वाजलं?"
माझं, अण्णा.
बराच वेळ काही नाही.
"माझं अजून न्हाई."

मी त्यांच्या बाटलीचा आकडा सोडवून
माझ्या स्टँडला लावला.
उठा. चाकाला तेल घातलंय.
फक्त उजवीकडं ओढतं जरा, तेवढं सांभाळा.