उष्णतेचा नकाशा

मुजीबसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
डोळा म्हणजे मोकाट जनावर.
उजवीकडच्या रकान्यात कितीही हिरवं टाक,
तिकडं आता तोंड लावत नाही.
शहाणं झालंय.
वाट अडवावी लागते.

मग मी वाट अडवायला शिकले.
सळईची जाहिरात दुसऱ्या परिच्छेदानंतर,
बियाण्याची चौथ्यानंतर,
निधनवार्तेत फोटोखाली लगेच नाही,
एक ओळ सोडून.
तेवढी लाज ठेवतो आपण, सर म्हणाले.
बंद करायची फुली मुगाच्या दाण्याएवढी,
आणि जिथं उठून दिसणार नाही अशा रंगात.

संध्याकाळी नकाशा यायचा.
कुठं किती बोटं पडली, कोण कुठं रेंगाळलं.
लाल, नारिंगी, पिवळं, कडेला गार निळं.
मे महिन्यातलं जालनं वरून दिसावं
तसं आमचं पान.

सगळ्यात जास्त वाचतात ती पाण्याची बातमी.
कुठला प्रभाग, कुठला वार, किती वाजता.
तेवढ्यासाठी अख्खं गाव बोट घासत खाली येतं.
तिथं मी झुळझुळ प्युरिफायर लावलं,
'प्रभाग नऊ' आणि 'पहाटे सव्वाचार' यांच्या मधोमध.
हलता निळा धबधबा,
खाली ओंजळ धरलेली एक गोरीपान मुलगी.

रात्री नकाशा नुसता पेटला होता.
सर खांद्यामागून बघत म्हणाले, वा!
मला मात्र दिसत होतं,
लाल डाग धबधब्यावर नव्हता.
फुलीच्या आजूबाजूला होता,
नेम चुकलेल्या बोटांचा.

त्यातलं एक रुख्माकाकू दांडग्यांचं असणार.
जन्मभर शिवणकाम, अंगठ्याचं टोक चपटं झालेलं.
सकाळी सातला कोरड्या टाकीशेजारी उभ्या.
"अगं, वाचायलेच होते की मी.
हात लावला की दुकानच उघडायलं.
माघारी आले तर परत दुकान.
म्हणलं जाऊ दे, पाणीच दाखवायलेत ना, येईल."
आमचे दोन्ही ड्रम भरलेले होते.
वेळ मला पाठच होती, मीच लावली होती.
एक ड्रम घासत त्यांच्या दारापर्यंत नेला.
निम्मं पाणी अंगणात सांडलं.

पुढच्या पाण्याला मी धबधबा पार तळाशी नेला,
वेळापत्रक संपल्यावर.
मधली जागा तशीच कोरी सोडली,
दोन बोटं.

नकाशा आला तेव्हा सरांनी चष्मा काढला,
पुसला, परत घातला.
"बिघडलंय का काही? एवढे लोक आले
आणि डाग कुठंच नाही?"
प्रभाग नऊसमोर नुसतं पांढरं.
आले, वाचलं, उठले.
ड्रमची झाकणं काढायला गेले असतील.

उद्या झुळझुळवाल्यांचा फोन येईल.
काय सांगायचं ते ठरवून ठेव, सर म्हणाले.
मी काही ठरवलेलं नाही.
रात्री दोनदा पान उघडून बघितलं.
आहे अजून,
दोन बोटं.