तक्ता क्रमांक सात

गुदैबियाच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानामागे
आमचा छापखाना. आज मशीनवर
शेजारशेजारच्या सहा देशांचा अहवाल आहे.
पान एकेचाळीस. तक्ता क्रमांक सात.
बेरोजगारीचं प्रमाण, शेकडा.

एका देशाची दांडी बोटाच्या पेराएवढी,
दुसऱ्याची वीतभर,
तिसऱ्याची इतकी बुटकी
की प्लेटवर कचरा बसला समजून
मी फडक्यानं पुसायला गेलो.

आकडे वाचणं माझं काम नाही.
काळी शाई निळीवर नीट बसते का, तेवढं बघायचं.
पण दशांश चिन्ह मोहरीएवढं,
ते उडालं तर एक अख्खा देश
दहापट रिकामा दिसतो.
म्हणून भिंग लावतो.

अरबी बाजू तपासायला फातिन येते.
इथलीच, मुहर्रकची. इंजिनीयर.
तीन वर्षं अर्ज केले,
आता आमच्याकडे पानामागे पैसे घेते.
निळ्या दांडीच्या टोकावर तिनं नख टेकवलं
आणि तिच्या बाजारी हिंदीत म्हणाली,
"पिछले साल तक मैं इधर थी. एकदम ऊपर, किनारे पे."
मग मला, "तुम किधर है?"

मी तळटीप दाखवली,
मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात:
हे आकडे फक्त नागरिकांचे.
आमच्यातला कुणी बेकार झाला
तर दांडी वाढत नाही, विमानातली सीट भरते.
ती "हं" म्हणाली
आणि पुढच्या पानावरचं एक चुकलेलं अक्षर गोल केलं.

रात्री खोलीवर.
तीन दुमजली पलंग, सहा माणसं.
इथेही शेजारचेच देश.
माझ्या डोक्यावर गुजराणवालाचा इश्फाक,
समोर खाली सिल्हेटचा नुरुल, त्याच्या वर कुरुनेगलाचा निमल,
दाराशी निजामाबादचा पोसन्ना,
आणि पोसन्नाच्या वर तेकबहादूर, धनकुट्याचा,
ज्याचं काम गेल्या रविवारी सुटलं.
नकाशावर ज्यांच्यामध्ये काटेरी तार आहे
ते इथे एकाच खिळ्याला लुंग्या अडकवतात.

मी कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं.
सहात एक.
सोळा पूर्णांक सहासष्ट,
पुढे सहा, सहा, सहा, संपेचना.
"कितना आया?" वरून तेकबहादूर.
"पास होण्यापुरते नाहीत," इश्फाकनं परस्पर सांगितलं.
सगळे हसलो.
हसायचं आधी त्यानंच थांबवलं.

मग चढाओढ लागली, कुणाचं गाव जास्त रिकामं.
इश्फाकच्या गल्लीत कॅरम खेळणारे सगळे एम. ए.
नुरुलकडे शिपायाच्या एका जागेला नऊशे अर्ज,
त्यातला एक त्याच्या मास्तरांचा.
निमल काही बोलला नाही, शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली.
मी म्हटलं, दहावी झाल्यावर रत्नागिरीला
सेवायोजन कार्यालयात नाव घातलं होतं.
गुलाबी कार्ड. साहेब म्हणाले, कॉल येईल.
एकोणीस वर्षं झाली.
नाव कुणी खोडलं नसेल तर
मी अजून तिथे बाकावर बसलोय,
मांडीवर भाकरीचा डबा,
आणि इथे बारा तास मशीनपाशी उभा.
एका तक्त्यात बेकार, एकात कुठेच नाही,
आणि महिन्याची मनीऑर्डर वेळेवर.

शुक्रवारी पहाटे तेकबहादूरला गाडीत बसवलं.
बॅगेला दोरी पोसन्नानं बांधली.
खोलीचा दर शून्यावर आला, शेजाऱ्यांत सगळ्यात कमी.
भाडं मात्र आता पाचांत वाटायचं,
त्याचा भाग कुणाला जात नाही, शेवटचे काही फिल्स उरतात.

खिळ्यावर त्याचा टॉवेल राहिला.
समुद्राच्या या दमट हवेत
तीन दिवस झाले तरी
ओलाच आहे.