तिसरा शिक्का

जाहिरातीतलं मी वहीत उतरून घेतलं:
दोन लिटर डिझेल, एकशे चाळीस घोडे,
सहा गिअर, मागच्यांना एसीची वेगळी जाळी,
एकच मालक, ब्याऐंशी हजार किलोमीटर,
रंग चांदी.
खाली रेघ मारली. सव्वीस वर्षांची सवय.

शिवाजी उद्यमनगरात मी कास्टिंग तपासायचो.
ब्लॉक, हाउसिंग, फ्लायव्हील.
आतला फोड बोटाच्या पेराला कळायचा,
हातोडीची टिचकी मारली की
भेगाळलेलं लोखंड बद्द वाजायचं.
टेबलावर शिक्के तीन.

ताराबाई पार्कात बंगल्यासमोर ती धुऊन उभी.
मालकाचा मुलगा, इंद्रनील सरनोबत, पुण्याहून आलेला,
म्हणाला, बघा, एका सेल्फमध्ये.
मी आधी बॉनेटवर तळवा ठेवला.
कोमट.
दुपारी तीनला, झाडाच्या सावलीत, कोमट.
कुणीतरी तिला उठवून, तोंड धुवून
पाहुण्यांपुढं आणून बसवलं होतं.
म्हटलं, उद्या सहाला येतो. तोवर हात लावू नका.

सहाला अंधारच. डिसेंबर,
मळीचा वास गारठ्यात खाली बसलेला.
गेट उघडलं रऊफ जमादारनं,
अकरा वर्षं हीच गाडी चालवलेली, मफलर कानावर.

काचांवर दव. किल्ली अर्धी फिरवली,
वेटोळ्याची पिवळी खूण पेटली. थांबलो. विझली.
मग सेल्फ.
एक कचका, दुसरा, आणि धरली.
पहिला धूर करडा, मुठीएवढा, नंतर काही नाही.
ऑइलचं झाकण भोकावर उलटं ठेवलं:
थरथरलं, उडालं नाही.
रुपया इंजिनावर उभा केला.
चाळीसपर्यंत मोजलं. पडला तो माझ्याच बाहीनं.

पण क्लचचं रबर गुळगुळीत,
स्टिअरिंगचं चामडं दोन्हीकडं झिजून काळं,
आणि मागची डावी सीट
दाराच्या अंगाला कललेली.
ब्याऐंशी हजारात फोम एवढा बसत नाही.

मी विचारलं नाही.
रऊफभाईच म्हणाला, काच पुसता पुसता,
"दोन लाख बारा. परवा आकडा मागं फिरवून आणलाय.
वहिनीसाब तिथं बसायच्या. चार वर्षं,
मंगळवार-शुक्रवार, मिरज.
जाताना बोलायच्या. येताना डोकं दाराला.
जयसिंगपुरातल्या गतिरोधकांवर मी ब्रेक दाबत न्हवतो,
नुसता गिअर उतरवत न्यायचो.
बेल्ट दोनदा बदललाय, इंजेक्टर एकदा.
बिलं माझ्याकडं हायती. घरात कुणी ठेवली न्हाईत."

रस्त्यात कधी बंद?
"एकदाच. येताना. मोकळी होती."
फडकं पिळलं त्यानं.
"बॅटरी."

पास. नापास.
तिसरा शिक्का खणात मागं पडलेला असायचा:
सूट देऊन पास.
मापात बसत नाही, पण काम करील,
सही करणाऱ्याच्या जबाबदारीवर.
तो मी सगळा मिळून नऊ वेळा उचलला.

मुलगा आठला उठला. वही पुढं केली,
ब्याऐंशी हजार खोडून शेजारी खरा आकडा.
त्यानं वाचला, खिडकीतून बाहेर बघितलं.
रऊफभाई पुढच्या चाकात हवा भरत होता.
साठ हजार उतरले. मग चहा आला.

निघताना रऊफभाई वाकला,
"सहावा ऐंशीच्या आत टाकू नका, थरथरती.
आणि मागची डावी काच पुरती खाली जात न्हाई.
मीच अडवलीया. गार वारं लागायचं त्यास्नी.
दाराच्या आत रबराचा तुकडा हाय,
काढला की झालं."

लिहून घेतलं.
कुठल्या रकान्यात, ते ठरेना.