वीस मिनिटं

एकतिसाव्या रस्त्यावर, ब्रॉडवेच्या कोपऱ्यापासून पूर्वेला,
मी खेळपट्टी शोधते आहे.
हातात माझी सोळावी वही, पर्समध्ये दोन पेन्सिली,
एक लाल, विकेटसाठी.

इथे कुठेतरी मैदान होतं. अठराशे चव्वेचाळीस, सप्टेंबर.
आता सात मजली गाडीतळ, केसांच्या टोपांचं दुकान,
आणि बिर्याणीची गाडी. तिच्या वाफेखाली
मिडऑफ असावा, असं मी ठरवते.
गाडीवाल्याला विचारलं. क्रिकेट? म्हणाला,
आणि उलथन्यानं हवेत एक स्वीप मारला.
सिल्हेटचा निघाला.

सुरुवात झाली एका खोट्या आमंत्रणापासून.
कुणीतरी न्यूयॉर्कला कळवलं, या, टोरांटोला खेळायला या.
हे गेले, बोटीनं, घोडागाडीनं, हाडं खिळखिळी करत.
तिथे कुणाला पत्ताच नाही.
पाहुणा दारात आणि चूल थंड.
तरी टोरांटोनं लाज राखली,
मिळतील तसे अकरा जण उभे केले.

चार वर्षांनी इथे. हजारो माणसं, हजार डॉलरची पैज,
मधला एक दिवस पावसानं खाल्ला.
ब्याऐंशी, चौसष्ट, त्रेसष्ट, अठ्ठावन्न:
पाढ्यासारखे पाठ आहेत मला.
कॅनडा, तेवीस धावांनी.
शेवटच्या दिवशी अमेरिकेचा एक फलंदाज
आलाच नाही.
आला, तेव्हा सामना संपून
वीस मिनिटं झाली होती, म्हणतात.
मी असते तर काय लिहिलं असतं?
गैरहजर.
शून्याला निदान गोलाई असते.

दोन वर्षांनी भांडण. फलंदाज गोलंदाजाला धडकला,
यानं चेंडू उचलून त्याच्याच अंगावर फेकला,
आणि सात वर्षं अबोला,
दोन जावांत कपबशीवरून होतो तसा.
मग यादवी आली, बेसबॉल आला,
ही वाट गवतात गेली.
तरी अधूनमधून कुणीतरी पॅड बांधतच राहिलं.

ओगले मला याच वाटेवर भेटले.
व्हॅन कोर्टलँड पार्क, जूनचं ऊन,
दोन्हीकडचे पन्नाशीपुढचे, पोटं सुटलेले वीर.
ते टोरांटोच्या वहीवर, मी इथल्या.
एकच टेबल, एकच छत्री, शत्रुपक्ष.
षटक संपलं की मान न उचलता विचारत,
तुझं किती?
एकशे बारा.
माझंही.

सव्वीस वर्षं.
मैदानात शिव्या जमैकाच्या, गयानाच्या, लुधियानाच्या,
कुठले लोक, कुठल्या देशांसाठी!
जिंकणाऱ्या वहीला कॅनडाची दोन डॉलरची नोट,
विटकरी, रॉबिन पक्ष्यांची,
छापणं केव्हाच बंद झालेली.
आम्हा दोघांत ती अजून चालते.

आमची बेरीज कधी चुकली नाही.
एकदा चुकली, लेगबायवरून, अर्धा तास.
चूक माझीच होती. आजवर कबूल केलेली नाही.

मेमध्ये फोन आला. ठिपके दिसत नाहीत गं आता,
वही पोरीला दिली.
पण सुरू झालं ती जागा एकदा बघू.
मंगळवार, साडेअकरा.

अकरा पन्नास.
पान उघडून मी लिहिलं, ओगले,
आणि पुढची जागा कोरी ठेवली.
हातात लाल पेन्सिल आली होती. ती बदलली.

मग बिर्याणीच्या वाफेतून
आधी एक काठी आली, मग एक टोपी.
बारा तास बस, ते म्हणाले, नोट आणलीय.
कुठे होती खेळपट्टी?
इथेच, म्हटलं, तुमच्या पायाखाली.
मला काय माहीत!
त्यांनी टोपी काढली, थांबले, पुन्हा घातली.
किती लिहिलंस?
वीस मिनिटं.
छे, ते म्हणाले. माझी पंधरा आहेत.