कूलिंग

निलोफर मॅडमनी कागदावर हृदय काढलं,
मला ते उपडं ठेवलेलं वांगं वाटलं.
त्यातून तीन नळ्या. एकीत माझी नवी जाळी.
"आत दाह आहे, परब.
ताप नाही, दिसणारी सूज नाही,
पण नळीची भिंत धुमसतेय."

धुमसणं मला शिकवू नका, मॅडम.
एकतीस वर्षं अग्निशमन दलात काढली,
आधी भायखळा, मग वडाळा.
कॉटनग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी पेटतात
तेव्हा ज्वाळा नसतेच.
गाठ बाहेरून पांढरी, हाताला जेमतेम कोमट.
आत, पट्ट्यांनी आवळलेल्या पोटात
एक लाल कण रोज बोटभर सरकतो.
तिसऱ्या दिवशी कोणीतरी आकडा मारून गाठ फोडतो,
वारा आत शिरतो,
आणि मग पळा.

सदू धुरी तसाच गेला.
आगीच्या खात्यात आडनाव धुरी, आम्ही जन्मभर हसलो.
चौदा मजले होज खांद्यावर घेऊन चढणारा गडी
निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी
टीव्हीसमोर, मुठीत खारे दाणे.
ना घंटा, ना धूर.
आम्हाला वाटायचं, एकदा कमावलेलं शरीर
पेन्शनसारखं मरेपर्यंत पुरतं.

तर चाला, मॅडम म्हणाल्या. रोज अर्धा तास, भरभर.
भरभर म्हणजे किती?
चालताना बोलता यावं, गाता येऊ नये.
मी म्हटलं, गाता मला बसूनही येत नाही.
त्या हसल्या नाहीत. लिहून दिलं.

पहिला आठवडा. पाच बगीचे, पहाटे साडेपाच.
काठी टेकणारे एक पारशी बावाजी
मला मागे टाकून गेले, वर "गुड मॉर्निंग" म्हणाले.
पोटऱ्या पेटल्या. मला वाटलं, विझवायला आलो
आणि आपणच लावतोय.
मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला थोडं तापणारच.
स्नायू राबले की रक्तात निरोप सोडतात,
आधी वाटतं आगीची वर्दी,
मागाहून तोच निरोप सांगत फिरतो:
पुरे आता, पाणी मारा.

हे मला पटलं. पोटरी म्हणजे पंप.

सात महिन्यांनी रिपोर्ट.
सीआरपी चार पॉइंट आठ होता, दोन पॉइंट एक झाला.
मी कागद घडी करून खिशात ठेवला, वर बटण लावलं.
"सगळं श्रेय पायांना देऊ नका," मॅडम,
"गोळ्या आहेत, तुम्ही बिडी सोडलीत.
आणि थांबलात तर परत चढेल."

थांबायचं नसतं हे कळतं हो.
ज्वाळा पडली की फोटोवाले जातात, मंत्री जातात,
उरतात दोन माणसं आणि एक नोझल.
गाठी उलटायच्या, भिजवायच्या,
पुन्हा उलटायच्या. आठ-आठ दिवस.
वहीत त्याला कूलिंग म्हणतात.
त्याचं पदक कुणाला मिळालेलं
मी तरी पाहिलं नाही.

परवापासून धुरीचा प्रथमेश येतो.
वय चौतीस, दिवसभर खुर्ची, रात्री मोबाइल.
आईनं पाठवलाय, म्हणून तोंड पाडून चालतो.
पहिल्या फेरीला म्हटलं, बोल काहीतरी.
त्याला बोलवेना, नुसता धापा टाकत होता.
वेग कमी केला. दुसऱ्या फेरीत ऑफिसबद्दल बोलला,
तिसऱ्यात भाड्याबद्दल.

आज, वळणावरच्या बाकापाशी, सहज विचारतो:
"काका, बाबा खरंच चौदा मजले चढायचे?"

दम लागला नव्हता.
तरी मला बोलता येईना.
नियम नियमच,
मी वेग कमी केला.