शेवट, शिरोड्याच्या लग्नाचा

अन्विताने विचारलं, मामा,
तुझे नव्वदच्या दशकातले आवडते दहा सांग,
आणि त्यातले पुन्हा बघण्याजोगे कुठले, तेही.
मी चौथ्यावरच अडलो.

कुडचड्यात, बाजारामागच्या गल्लीत,
वेर्लेकरांच्या नवदुर्गा व्हिडिओत
मी तीन वर्षं काउंटरवर बसलो.
खनिजाचे ट्रक जात, आणि कॅसेटींच्या पाठीवर
तांबडी धूळ अशी बसे
की कुठला सिनेमा किती दिवस कुणी नेला नाही
हे बोट फिरवून कळे.
दिवसाला दहा रुपये.
रिवाइंड न करता आणली तर दोन जास्त,
जे कधी कुणी दिले नाहीत.

त्या खुनाच्या सिनेमाला रांग लागली होती.
खुनी कोण ते ट्रकवाल्यांनी तिसऱ्या दिवशी चौकात फोडलं,
मग तो फळीवर पडून राहिला,
जत्रा उठल्यावर उरलेल्या पाळण्यासारखा.
चांगलाच होता. पण एकदा.

पुन्हा बघण्याजोगं काय, हे माझ्याआधी टेपला कळायचं.
जिथे लोक थांबवत, मागे नेत, परत बघत,
तिथे ती झिजे,
पडद्यावर पांढऱ्या रेघा उठत.
मारामारीवर रेघा, भिजलेल्या गाण्यावर रेघा,
त्याचं कुणाला काय!
पण एका पडलेल्या सिनेमात
बाप मुलाच्या शाळेच्या चपलेला खिळा ठोकतो,
गप्प, कंदिलाजवळ,
नेमक्या त्याच वीस सेकंदांवर
टेप पांढरीफटक झाली होती.
वही काढून पाहिली. तिघांनीच नेलेला.
त्यातल्या एकाने सात वेळा:
बेंजामिन कुलासो, वजनकाट्यावरचा कारकून.
मी विचारलं नाही. तो सुट्टे पैसे मोजून गेला.

आणि तो पोस्टातल्या बाईचा.
भलत्याच पत्त्यावर आलेलं पत्र ती उघडते,
आणि मग दर रविवारी धक्क्यावर जाऊन बसते,
ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसासाठी.
दोन तास ती बसते. आपणही बसतो.
शेवटी लांब बोट दिसते,
ती उठते, पदराची धूळ झटकते,
एक पाऊल टाकते, आणि

वेर्लेकरांच्या भाच्याचं लग्न.
शिरोडा, १९९३.
त्या दिवशी कोरी कॅसेट मिळाली नाही,
हाताला लागली तीच त्यांनी कॅमेऱ्यात घातली.
अकरा मिनिटं: अंतरपाट, बँड, केळीच्या पानावर खतखतं,
डोळे पुसणारा नवऱ्याचा काका,
आणि कॅमेऱ्याला जीभ दाखवणारा,
पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा.

तक्रार एकही आली नाही.
कुलासो म्हणाला, शेवट बरो केला.
गोदावरीमावशी म्हणाली, नवरी तीच ना?
मेकअप जास्त झालाय, म्हणून ओळखू येत नाही.
माझ्या आईने चौथ्यांदा नेला तेव्हा
मी म्हटलं, अगं तो पुसलेला आहे.
ती म्हणाली, असू दे,
इतके रविवार बसली बिचारी.

गेल्या वर्षी अन्विताच्या फोनवर
तो अख्खा बघितला. स्वच्छ, एक रेघ नाही.
बोट येते. कुणी उतरत नाही.
बराच वेळ नुसतं पाणी दिसतं.
जाणकार म्हणतात, हाच खरा शेवट, आणि असेलही,
मला त्यातलं कळतं.
त्यानंतर तीनदा लावला.
दर वेळी ती पदर झटकते
आणि मी पाणी प्यायला उठतो.

ट्रक आता पूर्वीसारखे जात नाहीत.
दुकानाच्या जागी मोबाइलवाला आहे.

पाचवा सांग ना, अन्विता म्हणते.
शिरोड्याचं लग्न, मी सांगतो.
दिग्दर्शक?
वेर्लेकर.
ती शोधत राहते, अंगठ्याने वर, वर,
आणि सापडत नाही म्हणते.